विरकरमास्तरांचं रान

सांगलीच्या एका शाळेत मी सहा वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं. त्या सहा वर्षांतलं आता फारसं काही आठवत नाही, आणि आठवावं असं मी काही केलंही नाही. मुलांकडून शब्द चालवून घेतले, वह्यांवर तांबडी शाई ओतली, दिवस ढकलले. विरकरमास्तर तेवढे आठवतात. मी मुद्दाम आठवण काढतो अशातला भाग नाही. कुणी नुसतं ‘रानात गेलो होतो’ म्हणालं तरी ते समोर येऊन बसतात, आणि मग उठता उठत नाहीत.

ज्ञानू सावळा विरकर. माण तालुक्यातले, दहिवडीजवळच्या एका वाडीतले. घरचा धंदा मेंढरांचा, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन, बाजरी पिकली तर पिकली. वाडीतला शिकलेला पहिला माणूस हाच. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी आमच्या शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवायला आले. उंच, सावळे, कोटाची बाही मनगटाच्या चार बोटं वर राहिलेली. बोलायचे अस्सल माणदेशी, पण लिहायचे इतकं शुद्ध आणि घोटीव, की मासिकातलं नाव वाचून पुण्याच्या एका वाचकानं त्यांना ‘विरकरशास्त्री’ असा मायना घालून पत्र पाठवलं होतं. ते पत्र शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर फिरलं. पुढं महिनाभर आम्ही त्यांना शास्त्रीबुवाच म्हणत होतो. तेही हसायचे. हसण्याखेरीज दुसरं काय करणार म्हणा.

टोपीची त्यांना एक खोड होती. एरवी टोपी हातात, नाहीतर कोटाच्या खिशात कोंबलेली. पण कवितेची ओळ म्हणायची वेळ आली की आधी टोपी डोक्यावर चढायची, दोन्ही हातांनी नीट बसवली जायची, मगच ओळ तोंडातून बाहेर. रस्त्यात बोलता बोलता एखादी ओळ आठवली तरी थांबायचे, खिशात हात घालायचे आणि आम्ही ताटकळत उभे. बोडक्यानं कवीचं काही म्हणू नये, असं त्यांचं मत. कुठल्या कवीचं, हे विचारलं तर मात्र सांगता यायचं नाही. त्यांच्या निबंधांतही कधी नाव नसायचं. ‘एक कवी सांगून गेला आहे’, ‘एका जुन्या ग्रंथात म्हटलं आहे’, बस्स. मासिकाच्या संपादकांना वाटायचं, ही व्यासंगी माणसाची ऐट. मलाही तसंच वाटायचं.

खरं कारण त्यांनी मला एकदा पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवलं. पुडीचे कागद. दहिवडीच्या बाजारातून घरी चहा-साखर यायची ती जुन्या पुस्तकांच्या पानांत बांधून. मास्तरांनी लहानपणापासून ती पानं सोडवून, तळहातानं दाबून, सपाट करून ठेवली होती. कुठं कवितेची मधलीच चार कडवी, कुठं टीकेचा अर्धा परिच्छेद, कुठं नाटकातलं एक भाषण आणि बोलणारा कोण ते पत्ता नाही. कवीचं नाव आधीच्या पानावर, आणि आधीचं पान दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हळद बांधून गेलेलं. एवढ्या शिदोरीवर हा माणूस निबंध लिहीत होता. पुढचं-मागचं जे गळालेलं असेल ते स्वतःच्या अंगचं घालून भरून काढत होता. हे बघून मला कौतुक वाटायला हवं होतं. मला जरा बरं वाटलं, इतकंच. आपल्याकडे अख्खी पुस्तकं आहेत, असं काहीतरी ते बरं वाटणं होतं.

त्यांच्या सगळ्या निबंधांचा विषय फिरून फिरून एकच. माणसाला एकांत हवा की माणसं हवीत. आणि पुडीतल्या साऱ्या कवींना त्यांनी याच एका प्रश्नावर साक्षीला उभं केलेलं. हा काय हट्ट, असं मी एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, की वाडी सोडून सांगलीला येईपर्यंत ते एका खोलीत एकटे कधी झोपलेच नव्हते. बायको, तीन मुलं, आईबाप, भाऊ सगळी तिकडे माणात. इथं आण्णाप्पा नावाच्या एका जैन व्यापाऱ्याच्या हळदीच्या वखारीवर त्यांची खोली. पहिल्या महिन्यात त्यांना भीती वाटायची म्हणे. कशाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग ते खाली वखारीत पोत्यांवर जाऊन बसायला लागले, आणि तिथं हमालांच्या आरडाओरड्यात त्यांना लिहायला सुचलं. लढाईमुळं कागदाची टंचाई. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर ते लिहायचे आणि त्या पानांना हळदीचा रंग लागायचा. आण्णाप्पा रोज विचारायचे, आज किती झालं मास्तर, आणि मास्तर पानांची चळत उंचावून दाखवायचे.

माझी खोली शांत होती. मी मोठ्या उदारपणे म्हणालो, माझ्याकडे येऊन लिहीत चला, कुणी त्रास देणार नाही. एका रविवारी सकाळी आले. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर गेलो. तासाभरानं परत येतो तर मास्तर पायरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्या बघत होते, कागद कोराच. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, “आवं पंत, चार मानसांत बसलो का मला एकलं बसता येतंय. एकटाच बसलो का न्हाई जमत.” मी हे दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले.

मास्तरांना एकच गोष्ट हवी होती. पुस्तक. मासिकातलं लिखाण म्हणजे फिरून पुडीच व्हायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवलेलं, पुठ्ठा घातलेलं पुस्तक कुणी सहसा फाडत नाही, असं ते म्हणायचे. निबंध झाले होते एकवीस. साताऱ्याच्या एका प्रकाशकानं मासिकातले दोन-तीन वाचून, कागद मिळाला की काढू, असा शब्द दिला होता. त्याआधी साताऱ्याला येऊन चार जाणत्या लोकांपुढं एक निबंध वाचा, म्हणजे पुस्तकाला बळ येईल, असंही त्यानं कळवलं. मास्तरांनी त्यासाठी नवा निबंध लिहिला. ‘रानातला एकांत’.

तो वाचायला त्यांनी आधी माझ्याकडे आणला. अनुस्वारांची त्यांना कायम धास्ती. तेवढे बघा म्हणाले. मी तांबडी शाई घेऊन बसलो आणि दुसऱ्या पानावर शाईची लेखणी खाली ठेवली. इतकं चांगलं त्यांनी आधी काही लिहिलं नव्हतं. पुडीच्या कागदावर त्यांना एका जुन्या कवीची एक ओळ सापडली होती. माणसांना कंटाळून कवी रानात जातो आणि तिथं त्याला सुख होतं, एवढाच तिचा मतलब. त्या ओळीवर मास्तरांनी सोळा पानं लिहिली होती. कवी रानात जातो. तिथं बाया पिकातलं तण काढत, भांगलत असतात, बांधावर एक तान्हं पोर झोळीत निजलेलं असतं. कवी बाजरीतल्या मचाणावर चढून पाखरं राखत बसतो. एकटाच असतो, पण मधूनच तोंडाशी हात धरून हाळी देतो, आणि चार बांध पलीकडच्या मचाणावरून दुसरा राखणदार तसलीच हाळी देतो. दोघांना एकमेकांचं तोंडही दिसत नाही. पुन्हा दोघेही गप्प. मास्तरांनी लिहिलं होतं, की एकांत तो हाच. हाळी दिली तर ओ येईल एवढ्या अंतरावर माणूस असावा आणि हाळी द्यायची गरज पडू नये.

आता यात घोटाळा असा, की माणातल्या माणसाला रान म्हणजे शेत. ‘रानात गेलाय’ म्हणजे नांगरायला, नाहीतर खुरपायला गेलाय. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही खेड्यात हाच अर्थ. त्या जुन्या कवीचं रान मात्र अरण्य होतं. पुढच्याच ओळीत वाघ आहेत. मला ती कविता पाठ होती. पण पुढची ओळ पुढच्या पानावर, आणि ते पान मास्तरांच्या पेटीत नव्हतं.

मी सगळे अनुस्वार तपासले. तिथें, कांहीं, नाहीं, एकूण एक. रानाबद्दल मी काही बोललो नाही. त्याची कारणं मी पुढं पुष्कळ शोधली. सांगितलं असतं तर निबंध जागीच मेला असता, हे एक. ते खरंही आहे. पण त्याहून खरं दुसरं आहे. मला हेवा वाटला होता. इतकी वर्षं अख्खी पुस्तकं उशाशी घेऊन मला असलं एक पान लिहिता आलं नव्हतं. म्हटलं, सांगायचं असेल तर दुसरं कुणीतरी सांगेल. मी कशाला वाईट होऊ.

साताऱ्याला आम्ही बरोबरच गेलो. एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात दुपारी चारला बैठक होती. तीस-चाळीस माणसं, पुढं प्रकाशक, अध्यक्षस्थानी संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक. मास्तरांनी टोपी नीट बसवली आणि वाचायला सुरुवात केली. वाचन उत्तम झालं. हाळीच्या जागी त्यांचा आवाज आपोआप चढला, खाली रस्त्यावरचा कुणी टांगेवाला वर बघायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवत होतो.

मग अध्यक्ष उठले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी भाषेची स्तुती केली, कल्पकतेची केली, आणि मग अगदी हळू आवाजात, पोराला समजावून सांगावं तसं म्हणाले, की लेखकमहाशयांचा एक बारीकसा प्रमाद झाला आहे. मूळ कवितेत रान म्हणजे अरण्य, शेत नव्हे. पुढची वाघांची ओळ त्यांनी म्हणून दाखवली. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू पुढं सरकत आलं. कुणी म्हणालं, वाघ भांगलायला आले असतील. प्रकाशकही हसत होते. मास्तर कागद हातात धरून उभेच होते. सगळं शांत झाल्यावर त्यांनी अध्यक्षांना विचारलं, “म्हंजे त्या कवीला तितं हाळी द्याया कुनीच न्हवतं?”

पुन्हा हसू फुटलं. अध्यक्ष म्हणाले, “नव्हतं. म्हणून तर तो एकांत, मास्तर.”

मास्तरांनी मान हलवली आणि खाली बसले. त्यांना राग आला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. मी शेजारीच होतो, मला काहीच दिसलं नाही. नंतर चहाच्या वेळी प्रकाशक जवळ येऊन म्हणाले, एवढा निबंध दुरुस्त करून द्या, बाकीचेही दाखले एकदा पडताळून घ्या, अध्यक्षांची प्रस्तावना घेऊ. पुस्तक काढायचं हे पक्कं. म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. उलट काम पुढंच सरकलं होतं. मी मास्तरांना तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतताना डबा गच्च भरला होता. एरवी मास्तर अशा गर्दीत खुलायचे. कोण कुठला, कशाला निघालास, पाच मिनिटांत डबाभर सोयरीक जुळवायचे. त्या दिवशी खिडकीला टेकून बसले होते. बरंच अंतर गेल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “पंत, तुमास्नी ठावं व्हतं?”

मी म्हणालो, “नाही हो. माझ्याही लक्षात आलं नाही.”

ते एकदम माझ्याकडे वळले. चेहरा इतका मोकळा झाला, की मला बघवेना. म्हणाले, “मंग ऱ्हाऊ द्या. तुमच्यावानी मानसाला ठावं न्हवतं, तर मला कुटनं आसनार.” आणि त्यांनी पिशवीतली भाकरी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर आणखी म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी भाकरी खाल्ली. चव कसली होती ते सांगता यायचं नाही.

त्यानंतर वर्षभर मास्तर दाखले पडताळत होते. शाळा सुटली की वाचनालयात जाऊन बसायचे, एकटे, कोपऱ्यात. पेटीतलं एकेक पान घेऊन मूळ पुस्तक शोधायचे. एखादं सापडायचं, आणि सापडलं की कळायचं की अर्थ निराळाच होता. बहुतेक सापडायचीच नाहीत. वखारीत बसणं बंद झालं. आण्णाप्पांनी मला एकदा वाटेत गाठून विचारलं, मास्तरांचं काही बिनसलंय का आमच्याशी. मी म्हटलं, छे, पुस्तकाचं काम चाललंय. मासिकाच्या संपादकांनी दोनदा माणूस पाठवला. नवं काही नाही, असा निरोप गेला. मी त्यांच्याशी पूर्वीसारखाच बोलत होतो. तेही बोलत होते. पुढं वडील गेले म्हणून ते रजेवर गेले आणि परत आलेच नाहीत. तिकडच्याच एका शाळेवर लागले, असं कळलं.

लढाई संपून वर्ष होत आलं तेव्हा मला साताऱ्याहून प्रकाशकांचं पत्र आलं. कागद मिळाला आहे, विरकर पत्रांना उत्तर देत नाहीत, तुम्ही जाऊन हस्तलिखित घेऊन याल का? मी निघालो. कोरेगावला गाडीतून उतरून मोटार धरली. पुसेगाव मागं पडल्यावर दोन्ही बाजूंना नुसता माळ लागला आणि मी मनाशी वाक्यं जुळवायला घेतली. सांगून टाकायचं ठरवूनच आलो होतो. मला ठाऊक होतं मास्तर, मी गप्प बसलो. आणि तो निबंध आहे तसाच छापा. कवीचं रान कसंही असो, तुमचं रान खरं आहे. वाक्यं चांगली जुळली होती. मोटारीतल्या धुरळ्यात मी ती दहा वेळा म्हणून पाहिली.

वाडीत पोचलो तेव्हा मास्तर शाळेतून यायचे होते. त्यांच्या बायकोनं घोंगडं टाकलं, तांब्या भरून पाणी दिलं. सासू चुलीपुढं, पोरं दारात. मी नाव सांगितलं. ती माऊली पदर सावरून माझ्याकडे बघत राहिली, मग ओळख पटल्यासारखं म्हणाली, “तुमीच व्हय ते पंत? ज्यांस्नी बी ठावं न्हवतं?”

मी मान डोलावली. ती म्हणाली, ते घरात नेहमी तुमचं नाव काढतात. मन उदास झालं की म्हणतात, एवढे शिकलेले पंत, त्यांनाही कळलं नव्हतं. तेवढ्यावर त्यांना झोप लागते. “लय आधार हाय बगा तुमचा,” असं म्हणून ती चहाचं आधण ठेवायला आत गेली.

मास्तर आले. अंगानं थोडे सुकले होते, बाकी तसेच. मला बघून बरं वाटलं त्यांना, तसं म्हणालेही. मी कशाला आलो ते सांगितल्यावर लगेच उठून फळीवरचं कापडी बासन काढून दिलं. बावीस निबंधांचं हस्तलिखित माझ्या मांडीवर आलं आणि मी ते नकळत तोललं. दोन बोटं जाडीचंही नव्हतं. उघडून पाहिलं. जिथं जिथं ‘एक कवी सांगून गेला आहे’ होतं, तिथून पुढचा मजकूर काढून टाकलेला. पुरावा न्हाई, म्हणाले. कुठं अर्धं पान उरलं होतं, कुठं नुसता मथळा. नवे कागद, स्वच्छ अक्षर, अनुस्वार एक चुकलेला नाही.

‘रानातला एकांत’ शेवटी होता. मथळ्यात आता ‘अरण्यातील एकांत’ असं केलं होतं. सोळा पानांचं दीड पान झालं होतं. भांगलणाऱ्या बाया नव्हत्या. झोळीतलं पोर नव्हतं. मचाण नव्हतं. कवी अरण्यात जातो, तिथं झाडं असतात, वाघ असतात, कवीला सुख होतं. खाली मूळ कवितेचा पत्ता दिला होता, पानाच्या आकड्यासकट. मास्तर माझ्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. दारातून त्यांची बायकोही बघत होती.

“आता बरोबर हाय न्हवं, पंत?” त्यांनी विचारलं.

मोटारीत जुळवलेली सगळी वाक्यं जागच्या जागी होती. एकही विसरलो नव्हतो. ‘मला ठाऊक होतं’ म्हटलं असतं तर निबंध जगला असता की नाही, कुणास ठाऊक. या माणसाची झोप मात्र गेली असती. निदान मी तरी तेव्हा स्वतःला असं सांगितलं. पान डोळ्यांपुढं धरून मी ते पुन्हा एकदा वाचल्यासारखं केलं.

“हो,” मी म्हणालो. “आता अगदी बरोबर आहे.”

“बरं झालं,” मास्तर म्हणाले. मग बासन माझ्या हातातून घेऊन त्यांनी त्याला नीट सुतळी बांधली, वाटेत सुटू नये म्हणून दुसरी गाठ मारली, आणि मला मोटारीपर्यंत पोचवायला पायताण घालू लागले.